चोरट्या भट्टीपासून परवान्यापर्यंत

फाल्गुन-चैत्रांत वेंगुर्लें, सावंतवाडी, दोडामार्ग या बाजूच्या काजूबागांतून जाणाऱ्या प्रवाशाची एक गोड, किंचित् आंबूस वास दूरवर सोबत करतो. हा वास झाडाखालीं कुजणाऱ्या बोंडूंचा. काजूच्या बीला बाजारांत मोल आहे. परंतु त्या बीच्या आठ-दहापट वजनाचा रसाळ बोंडू दिवसाभरांत नासतो, आणि बराचसा मातीलाच मिळतो.

हाच बोंडू सीमेपलीकडे गोव्यांत फेणी होतो. काजूचें झाड पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलहून आणिलें. बोंडू तुडवून रस काढावयाचा, तो दोन-तीन दिवस आंबवावयाचा आणि भट्टीवर चढवावयाचा. पहिल्या खेपेस निघणारें सौम्य पेय तें उर्राक. पुनः ऊर्ध्वपातन केलें म्हणजे फेणी. गोव्याच्या या फेणीस २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि २०१६ सालीं तेथील सरकारनें तिला वारशाच्या पेयाचा मान दिला.

सीमेच्या अलीकडेही ही विद्या अज्ञात नाहीं. पण १९४९ सालीं मुंबई प्रांतांत दारूबंदीचा कायदा झाला, तेव्हां गोवा पोर्तुगीजांकडे होता; एकाच जातीच्या झाडाला दोन कायदे लागू झाले. पुढें महाराष्ट्रांत बंदी सैल होऊन परवान्यांची पद्धत आली, तरी रानांतली भट्टी चोरटीच राहिली. ती ओढ्याकांठींच कां सांपडते? वाफ थंड करण्यास पाणी लागतें आणि धूर लपविण्यास झाडी. अशा भट्टीवाल्याला माल मुरवितां येत नाहीं, कारण त्याच्या बाबतींत सांठा म्हणजे पुरावा. त्याला पेढी कर्ज देत नाहीं, आणि बुडालेल्या उधारीसाठीं कचेरीची पायरीही चढतां येत नाहीं. गिऱ्हाइकाची स्थिति याहून वाईट. बाटलींत काय आहे, हें सांगण्यास कोणी बांधलेला नसतो. मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तींत २०१५ च्या जूनमध्यें विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. ती दारू बोंडूची नव्हती, तिच्यांत मेथिल अल्कोहोल होतें. पण तपासणीवांचून विकला जाणारा कोणताही अर्क पिणाराला हा भेद कळवीत नाहीं.

२०२२ सालीं महाराष्ट्र मंत्रिमंडळानें काजूबोंडें, मोहाचीं फुलें इत्यादिकांपासून होणाऱ्या मद्यास ‘देशी’ऐवजीं ‘विदेशी’ मद्याच्या वर्गांत घालण्याचें धोरण संमत केलें. ‘देशी’ म्हटलें कीं हलकी किंमत, हा बाजाराचा रिवाज. तेव्हां कोंकणच्या मातींतला रस विदेशी ठरला म्हणजे त्याला पत येणार! सरकारी कोशाचा हा चमत्कार हंसण्याजोगा असला तरी त्यामागचा हिशेब खोटा नाहीं.

मात्र नांव बदलल्यानें ओढ्याकांठचा माणूस कारखानदार होत नाहीं. परवान्याची फी, पक्की इमारत, मोजमाप, नोंदवह्या, सांडपाण्याची व्यवस्था हें सारें एकट्या भट्टीवाल्याच्या आवांक्याबाहेरचें आहे. मोठा भांडवलदार पुढें आला, तर ज्याच्या हातीं कला आहे तो पुनः मजूर होईल किंवा पुनः रानांत जाईल. बागायतदारांनीं आणि भट्टीवाल्यांनीं मिळून सहकारी तत्त्वावर परवाना घेणें, हा मार्ग त्यांतल्या त्यांत बरा दिसतो. त्यांना अनुकूल अशी एक गोष्ट निसर्गानेंच करून ठेविली आहे: बोंडू दूरचा प्रवास सोसत नाहीं, म्हणून त्याचा कारखाना बागेच्या शेजारींच काढावा लागतो.