पाच अक्षांवरील मिलिंग : आज्ञावलीची ओळख

धातूच्या ठोकळ्याला इष्ट आकार देणाऱ्या साध्या मिलिंग यंत्रात गतीच्या तीन दिशा असतात : डावी-उजवी, पुढे-मागे आणि वर-खाली. त्यांना अनुक्रमे एक्स, वाय आणि झेड अक्ष म्हणतात. सपाट पृष्ठे, खाचा, छिद्रे यांसाठी एवढे पुरते. परंतु टर्बोचार्जरमधील इंपेलर, म्हणजे पिळदार पात्यांचे चक्र, डोळ्यांसमोर आणले म्हणजे या रचनेची मर्यादा ध्यानात येते. त्याचे प्रत्येक पाते शेजारच्या पात्याला अंशतः झाकते. वरून सरळ उतरणारा कटर त्या दोहोंमधील अरुंद जागेत सर्वत्र पोचू शकत नाही; तेथे कटर किंवा जॉब कलता करावा लागतो. म्हणून दोन फिरत्या अक्षांची भर घालतात. एक्सभोवतीच्या भ्रमणाला ए, वायभोवतीच्या भ्रमणाला बी आणि झेडभोवतीच्या भ्रमणाला सी अशी नावे आहेत. पाच अक्षांच्या यंत्रात सामान्यतः यांपैकी दोन असतात. काही यंत्रांत टेबल फिरते, काहींत स्पिंडलचे डोके, तर काहींत दोन्ही.

पाच गती एकाच वेळी हाताने सांभाळणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते शक्य झाले अंकनियंत्रणामुळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९५२ साली छिद्रित फितीवरील अंकांनुसार चालणाऱ्या तीन अक्षांच्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. पुढे डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली तेथेच एपीटी ही भाषा आकारास आली आणि १९५९ मध्ये ती जाहीर करण्यात आली. माणसाने वस्तूचा आकार आणि कटरचा मार्ग सांगावा, प्रत्येक बिंदूची आकडेमोड संगणकाने करावी, हे तिचे सूत्र होते. आजच्या संगणक-प्रणालींचा पायाही तोच आहे.

शिकणाऱ्याने आरंभीच पाचही अक्ष एकदम हलवू नयेत. पहिली पायरी ‘तीन अधिक दोन’ ही होय. तीत फिरते अक्ष जॉबला हव्या त्या कोनात नेऊन जखडतात आणि पुढील काम नेहमीच्या तीन अक्षांनी करतात. एकाच पकडीत जॉबच्या पाच बाजू कापता येतात. जॉब वारंवार सोडून पुन्हा बांधताना येणारी चूक टळते. मात्र कोनाची चूक येथेही क्षम्य नसते. फिरण्याच्या केंद्रापासून ३०० मिलिमीटर अंतरावर ०.०१ अंशाचा फरक सुमारे ०.०५ मिलिमीटर होतो. इंजिनाच्या अनेक भागांत एवढ्यानेच माल नाकारला जातो.

दुसरी पायरी अधिक अवघड आहे. स्पिंडलचे डोके फिरणाऱ्या यंत्रात कटरचे टोक भ्रमणकेंद्रापासून २५० मिलिमीटर खाली आहे असे समजू. डोके ३० अंश कलले की टोक १२५ मिलिमीटर बाजूला सरकते आणि सुमारे ३३.५ मिलिमीटर वर उचलले जाते. म्हणजे नुसता कोन बदलला तरी टोक जागेवर ठेवण्यासाठी सरळ अक्षांनाही हलावे लागते. आधुनिक नियंत्रकांत ही भरपाई आपोआप करणारी आज्ञा असते. ती चालू आहे किंवा नाही, आणि कटरची नोंदलेली लांबी खरी आहे किंवा नाही, हे पाहणे मात्र माणसाचेच काम आहे.

कटर कलता ठेवण्यामागे केवळ पोच हेच कारण नसते. गोल टोकाचा कटर उभा धरला तर त्याच्या अगदी टोकाशी कर्तनाचा वेग शून्य असतो. तेथे धातू कापला न जाता चेपला जातो. १० मिलिमीटर व्यासाचा असा कटर पृष्ठाच्या लंबापासून १५ अंश कलवला, तर स्पर्शबिंदू सुमारे २.६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर येतो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर तेथील वेग मिनिटाला सुमारे ४९ मीटर भरतो, आणि पृष्ठ स्वच्छ निघते.

एक धोका मात्र आकृतीत सहसा दिसत नाही. ए आणि सी अक्षांच्या टेबलावर कटर सी अक्षाला समांतर झाला की सी अक्षाचा कोन अनिश्चित होतो. उत्तर ध्रुवाजवळ उभ्या असलेल्या माणसाने चार पावलांत ध्रुव ओलांडला, तर त्याचा रेखांश एकदम १८० अंशांनी बदलतो. तसेच येथे घडते. कटरच्या दिशेत किंचित बदल हवा असतो, पण टेबल गर्रकन फिरते आणि पृष्ठावर डाग उमटतो. जॉब थोडा तिरपा बांधून किंवा कटरला सतत अल्प कल देऊन हा बिंदू टाळता येतो.

संगणकाने आखलेला मार्ग विशिष्ट यंत्राच्या आज्ञांत उतरवणाऱ्या दुव्याला पोस्ट-प्रोसेसर म्हणतात. तो एका यंत्रासाठी अचूक असला तरी वेगळ्या रचनेच्या यंत्रावर घातक ठरू शकतो. म्हणून आज्ञावलीची तालीम संगणकाच्या पडद्यावर घेतात. तीत कटर आणि जॉब यांच्याबरोबरच फिक्स्चर, टेबल आणि स्पिंडलही मांडलेले असावे लागतात, कारण पुष्कळदा टक्कर कटरची नव्हे, तर त्याला धरणाऱ्या होल्डरची होते. त्यानंतर जॉबच्या वर, हवेत, मंद गतीने एक फेरी घेतात आणि मग मेणाचा किंवा ॲल्युमिनियमचा नमुना कापतात. टायटॅनियमचा महागडा ठोकळा टेबलावर चढवायचा तो हा नमुना मोजून बरोबर भरल्यावरच.