बेनेट बहिणींच्या हाती तलवार

'प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झॉम्बीज' २००९ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिची पूर्वकथा, 'डॉन ऑफ द ड्रेडफुल्स'. नाव ऐकूनच अनेक चोखंदळ वाचक नाक मुरडतात. पूर्वकथेबद्दल पुस्तक न उघडताच करून घेतलेले समज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : ऑस्टिनच्याच मजकुरात आणखी थोडी भुतं घुसडली आहेत.

पहिल्या पुस्तकाबद्दल हे खरं आहे. सेथ ग्रॅहम-स्मिथने जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा बहुतांश मजकूर तसाच ठेवला आणि त्यात चालती प्रेतं सोडली. म्हणूनच मुखपृष्ठावर जेन ऑस्टिनचंही नाव आहे. पूर्वकथेचा लेखक मात्र वेगळा, रहस्यकथा लिहिणारा स्टीव्ह हॉकेन्स्मिथ. ऑस्टिनची कादंबरी सुरू होण्याआधीची ही गोष्ट ऑस्टिनने लिहिलेलीच नसल्यामुळे त्याला सगळा मजकूर स्वतःच रचावा लागला.

गैरसमज : मारामारीपलीकडे त्यात काही नाही.

मेरिटनच्या चर्चमध्ये अंत्यविधी चालू असताना शवपेटीतला माणूस उठून बसतो, इथून गोष्ट सुरू होते. बेनेट बहिणींचे वडील मिस्टर बेनेट ओळखतात, की चालत्या प्रेतांचं संकट परत आलं. घरी येऊन ते बायकोच्या झाडांनी भरलेलं काचघर रिकामं करायला लावतात आणि तिथे मुलींचं शस्त्रशिक्षण सुरू होतं. आता खरी पंचाईत होते. तलवार चालवणारी मुलगी शेजारपाजाऱ्यांच्या लेखी कुलीन राहत नाही आणि लग्नाच्या बाजारातून बाद होते. मूळ कादंबरी आठवा: बेनेट कुटुंबाची लाँगबोर्नची मालमत्ता मुलींना मिळणारच नाही, ती नात्यातल्या कॉलिन्सकडे जाणार, स्वतःची मिळकत नसलेल्या मुलींना लग्नाशिवाय आधार नाही. म्हणजे जीव वाचवणारी विद्याच पुढचं आयुष्य धोक्यात आणते. मला ही या पुस्तकातली सर्वांत जमलेली गोष्ट वाटते. मिसेस बेनेटचा आकांत एरवी हास्यास्पद वाटतो, इथे तो पटतो.

गैरसमज : असं लिहायला परवानगी लागली असेल.

नाही. ऑस्टिन १८१७ मध्ये वारली. तिच्या कादंबऱ्यांवर आज कुणाचाही हक्क नाही.

गैरसमज : हा ऑस्टिनचा अपमान आहे.

विडंबन ऑस्टिनला परकं नव्हतं. तिच्या 'नॉर्दँगर अ‍ॅबी'त भयकथा वाचून भारावलेली कॅथरीन मोरलंड वादळी रात्री जुन्या कपाटातून गुंडाळलेले कागद काढते. एखादं भयंकर रहस्य हाती लागलं, या कल्पनेने तिची झोप उडते. सकाळी बघते तर कपडे धुण्याचा हिशेब! तेव्हा लोकप्रिय असलेल्या भयकथांची ही थट्टा स्वतः ऑस्टिनने केली आहे.

गैरसमज : पूर्वकथा आहे, म्हणजे सुरुवात तिच्यापासून करावी.

कृपा करून तसं करू नका. बेनेट बहिणींपैकी एलिझाबेथ पुढे कोण होणार हे ठाऊक असेल, तरच तिचा पहिला अवघडलेला वार वाचण्यात अर्थ आहे. आधी ऑस्टिन वाचा, मग ग्रॅहम-स्मिथ आणि त्यानंतर हे पुस्तक.