वजन उतरले, आता ताकद चढवा



आपल्याकडे माणूस बारीक झाला की पारावर बसलेली मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "काय हो, आजारी होता का?" साखरेच्या आजाराला किंवा गुडघेदुखीला कंटाळून ज्याने वर्षभर तोंडाला आवर घातला आणि वीस किलो वजन उतरवले, त्याला हा प्रश्न बोचतो. त्याहून बोचते ते दुसरेच. युरियाची ४५ किलोची गोणी पूर्वी तो सहज पाठीवर घेई. आता ती जागची हलत नाही. मग घरातले म्हणतात, "कशाला हे पथ्य? पहिलाच बरा होतास." आणि तो पुन्हा पूर्वीसारखा जेवायला बसतो. सगळे कष्ट पाण्यात!

असे का होते ते समजून घ्या. दुष्काळात घर आधी कणगीतले धान्य खाते; पण ओढ फार झाली तर दावणीची बैलजोडीही बाजारात जाते. शरीराचे तसेच आहे. चरबी ही कणगी आणि स्नायू ही बैलजोडी. वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ढोबळमानाने उतरलेल्या वजनाचा चौथा हिस्सा चरबीखेरीजचा असू शकतो. म्हणजे वीस किलोत पाचएक किलो. पुढे खाणे सुटले की कणगी लवकर भरते. बैल मात्र आपोआप परत येत नाहीत. ते कामाला जुंपूनच मिळवावे लागतात.

दिवसातून दोनदाच जेवावे आणि ४५ मिनिटे चालावे, ही डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव सांगितलेली पद्धत महाराष्ट्रात अनेकांनी धरली. चालणे हृदयाला आणि साखरेला चांगलेच. पण चालण्याने खांदे, पाठ, दंड यांना काम मिळत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली मोठ्या माणसांना चालण्यासारख्या व्यायामाबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे.

तुम्ही म्हणाल, "आम्ही शेतात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?" शहाद्याकडे केळीचे घड वाहणारा, धडगावच्या डोंगरात डोक्यावर मोळी आणणारी, यांना कष्ट कमी का आहेत? पण शेतकाम हंगामी असते. कधी महिनाभर वाकून निंदणी, कधी नुसते बसणे. ओझे आपल्या ताकदीप्रमाणे बेताबेताने वाढत नाही. एकदम अंगावर पडते आणि कंबर धरते. व्यायामात ओझे आपल्या हाती असते.

प्राचीन ग्रीसच्या मायलो नावाच्या मल्लाची कथा सांगतात. तो एक वासरू रोज खांद्यावर घेई. वासरू वाढत गेले तशी त्याची ताकद वाढली आणि शेवटी तो बैल उचलू लागला. कथा खरी-खोटी असो, मर्म खरे आहे. वयाचीही सबब नको. अमेरिकेत बोस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. हा प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला.

सामान कोणते?

खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन धुऊन घ्या. फवारणीच्या औषधाचा कॅन कदापि घेऊ नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे माप ध्यानात ठेवा. पाच लिटर हलके वाटू लागले की पाण्याऐवजी वाळू भरा.

चार व्यायाम

१) हाताचा आधार न घेता खाटेवरून उठा, सावकाश बसा. सोपे झाले की कॅन छातीशी धरा.

२) भिंतीला हात टेकून जोर काढा. पुढे ओट्याच्या काठावर, मग जमिनीवर.

३) कॅन दोन पायांमध्ये ठेवा. पाठ सरळ ठेवून, कंबरेत आणि गुडघ्यांत वाकून उचला व ताठ उभे राहा.

४) एक हात खाटेवर टेकून वाका. दुसऱ्या हाताने कॅन बरगडीपर्यंत ओढा.

प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या. आठवड्यातून दोन दिवस पुरे. मध्ये निदान एक दिवस विश्रांती हवी. आणखी दोन वेळा जमेल इतका दम राखून थांबा. बारा वेळा सहज होऊ लागले की एक लिटर वाढवा. श्वास कोंडू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात व्यायाम पहाटेच करा. छातीत दुखले, भोवळ आली तर लगेच थांबा आणि डॉक्टर गाठा.

भगिनींनो, तुम्हीही करा. त्याने अंग पुरुषी होत नाही. उलट पाळी गेल्यावर ठिसूळ होणाऱ्या हाडांना ओझ्याचा आधार मिळतो.

जेवणात काय?

दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नासएक ग्रॅम. एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम मिळतात. नुसती भाकरी-चटणी पुरत नाही. दाट वरण, उसळ, दूध-ताक, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा.

आधी हे तपासा

प्रयत्न न करता वजन उतरले असेल तर व्यायाम नव्हे, आधी दवाखाना. क्षय किंवा साखर असू शकते. रक्तदाब, हर्निया, हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारा. आपल्या जिल्ह्यात भिल्ल, पावरा बांधवांमध्ये सिकलसेल आढळतो. तो असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जोराचा व्यायाम नको, आणि शरीरात पाणी कमी पडू देऊ नका. तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

काट्यावर किलो-दोन किलो वाढले तर घाबरू नका. पोटाचा घेर वाढत नसेल तर बहुधा ती चरबी नव्हे. लोंबणारी कातडी सगळी भरून येईल असेही समजू नका. तारीख, लिटर आणि किती वेळा उचलले, एवढे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत चला. उद्या पहाटे दोन लिटरपासून सुरुवात करा.