बुडालेल्या माणसाचं पोट दाबायचं नाही! मग करायचं काय?

समुद्रातून एखाद्याला बाहेर काढलं की पहिली आरोळी ठरलेली, 'पोट दाबा, पाणी काढा!' सिनेमात आपण तेच बघत आलोय. बीचवर काम करणाऱ्यांच्या प्रथमोपचार प्रशिक्षणात मात्र आधी हीच सवय मोडावी लागते.

पोट दाबलं की बाहेर येतं ते मुख्यतः पोटातलं पाणी आणि अन्न. ते श्वासनलिकेत गेलं तर आणखी पंचाईत. शिवाय वेळ जातो तो वेगळाच. ऑक्सिजन मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते.

सीपीआर म्हणजे छाती दाबणं, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. चालता-बोलता हृदय बंद पडलं तर रक्तात थोडा ऑक्सिजन शिल्लक असतो, म्हणून तिथे थेट छाती दाबतात. बुडालेल्याचं उलट होतं. आधी श्वास थांबतो, ऑक्सिजन संपतो, मग हृदय थांबतं. त्यामुळे श्वास बंद असेल तर इथे सुरुवात तोंडाने श्वास देऊन करायची.

माणसाला कडक, सपाट जागी उताणं झोपवायचं. डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत. आधी दोन श्वास (युरोपात पाच देतात), छाती वर येतेय का बघत. प्रतिसाद नसेल तर 30 वेळा छाती दाबायची, पुन्हा दोन श्वास. वेग मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटीमीटर. तोंडाला फेस आला तर तो पुसत बसायचं नाही. श्वास देणं जमतच नसेल तर निदान छाती दाबत राहायचं.

हा 5 सेंटीमीटरचा दाब व्हिडिओ बघून कळत नाही, पुतळ्यावर हात चालवावाच लागतो. सराव सुटला की काही महिन्यांत विसरायलाही होतं. त्यामुळे एकदा सर्टिफिकेट घेतलं आणि भिंतीवर लावलं, एवढ्याने भागत नाही.

आणि हे फक्त लाइफगार्डने शिकून चालणार नाही. गोव्यात 2008 पासून दृष्टी मरीनचे लाइफगार्ड किनाऱ्यांवर असतात. काशीद किंवा तारकर्लीला गेलात तर तुमच्या सगळ्यात जवळ असतो बनाना राइडवाला, शहाळेवाला नाहीतर होमस्टेचा मालक. 108 ची गाडी येईपर्यंतची मिनिटं त्यांच्याच हातात असतात.

माणूस खोकून उठून बसला, 'मी ठीक आहे' म्हणाला, तरी त्याला हॉस्पिटलमध्ये पाठवायचंच. फुप्फुसात पाणी गेलं असेल तर काही तासांनीही श्वासाचा त्रास वाढू शकतो.