रोलिंग मिल रिकामी फिरत असतानाही वीज जळते, ती जाते कुठं?

जालना म्हटलं की दोन गोष्टी हमखास आठवतात, बियाणं आणि स्टील. मराठवाड्यात कुठं स्लॅब पडत असेल, तर त्यातली सळई जालन्याच्या एमआयडीसीतून आलेली असण्याची शक्यता बरीच असते. भंगार भट्टीत वितळवायचं, त्याचे बिलेट ओतायचे आणि लालबुंद बिलेट रोलांमधून काढत काढत त्याची सळई करायची, असा हा धंदा.

या धंद्याचं गणित विजेवर फिरतं. २०१६ मध्ये राज्य सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली, तेव्हा इथल्या स्टीलवाल्यांसाठी ती मोठी गोष्ट होती.

आता विजेचा मोठा घास भट्टीच घेते. एक टन लोखंड वितळवायला ५०० युनिटांहून जास्त वीज लागते. पण मिलमध्ये एक जागा अशीही आहे, जिथं वीज गुपचूप जाते आणि कुणाचं लक्ष नसतं. ती म्हणजे गिअरबॉक्स.

मोटर मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे मारते. रोल तेवढ्या वेगात फिरून चालत नाहीत, त्यांना वेग कमी आणि जोर जास्त लागतो. ही अदलाबदल गिअरबॉक्स करतो आणि त्यात थोडी वीज वाया जाते. दातावर दात घासतो, बेअरिंगवर ताण येतो, हा झाला कामाचा तोटा. रोलांमध्ये बिलेट नसला की हा तोटा बराच उतरतो.

दुसरा तोटा मात्र उतरत नाही. गिअरचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो. ताक घुसळताना रवीला जसा जोर लागतो, तसंच इथं होतं. गिअर तेल उचलतो, बाजूच्या भिंतींवर फेकतो, आणि दोन दात एकमेकांत शिरताना मधलं तेल पिळून बाहेर काढतो. या सगळ्याला लागणारी ताकद मोटरच देते आणि शेवटी तिची उष्णता होते. म्हणजे एक बिलेट गेला, दुसरा अजून यायचाय, मिल नुसती फिरतेय, तरी घुसळण चालूच!

समजा एका गिअरबॉक्समध्ये या रिकाम्या फिरण्यात १० किलोवॅट जातात. मिल रोज २० तास, वर्षाला ३०० दिवस चालली तर ६०,००० युनिट झाले. युनिटला ८ रुपये धरले तर ४ लाख ८० हजार. आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून धरलेत, प्रत्येक मिलचं उत्तर वेगळं येईल.

इथं एक गैरसमज महागात पडतो. तेल जास्त असलेलं बरं, असं अनेकांना वाटतं. तुमच्या ट्रॅक्टरपासून मिलपर्यंत सगळीकडे हे चुकीचं आहे. पातळी वाढली की गिअर जास्त बुडतो, घुसळण वाढते, तेल तापतं आणि त्याला फेस येतो. तापलेलं तेल पातळ होतं आणि फेसाळलेलं तेल दातांमध्ये नीट थर धरत नाही. म्हणजे झिजू नये म्हणून जास्त ओतलेलं तेलच झीज वाढवतं, शिवाय सीलमधून गळायलाही लागतं. साधारणपणे गिअर दाताच्या उंचीच्या दोनेक पट बुडाला की पुरतो. पण पातळी मनानं कमी करायची नाही. दात कोरडे पडून गिअर गेला, तर मिल बंद राहण्याचा खर्च वाचलेल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त होतो. बनवणाऱ्यानं खूण दिलेली असते ती पाळायची. आणि मशीन कुठल्या स्थितीत असताना पातळी बघायची, तेही त्यानंच सांगितलेलं असतं. चालू गिअरबॉक्समध्ये तेल वर उडालेलं असतं, त्यामुळे बंद आणि चालू मशीनची पातळी सारखी दिसत नाही.

तेल किती घट्ट आहे यावरही खेळ अवलंबून आहे. डब्यावर व्हीजी २२० किंवा ३२० असं लिहिलेलं असतं. हा ४० अंशाला मोजलेला घट्टपणा, आकडा मोठा तितकं तेल घट्ट. डिसेंबरच्या थंड सकाळी मिल सुरू करताना मोटर जास्त करंट घेते, त्याला हेही एक कारण आहे.

मग वेगाचा प्रश्न येतो. ३० सेंटिमीटरचा पिनियन मिनिटाला ९९० फेरे मारत असेल, तर त्याच्या दाताचा वेग सेकंदाला साडेपंधरा मीटर होतो, म्हणजे ताशी ५६ किलोमीटर. वेग दुप्पट झाला की घुसळणीत जाणारी ताकद चार ते आठ पट होते. म्हणून या वेगाच्या आसपास गिअर तेलात बुडवण्याऐवजी पंपानं दातांवर तेल मारायची पद्धत आहे. मात्र खाली पडलेलं तेल परत जायची वाट तुंबली, तर ते साचतं आणि पुन्हा घुसळण सुरू.

आणि हवा? हवेपेक्षा तेल सुमारे सातशे पट जड असतं, त्यामुळे मिलच्या गिअरला हवा फारशी अडवत नाही. दाताचा वेग सेकंदाला पन्नास मीटरच्या पुढं गेला की ती अडवायला लागते. हेलिकॉप्टरच्या गिअरमध्ये हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत नासाच्या ग्लेन केंद्रात त्यावर प्रयोग झाले, आणि गिअरला चिकटून आवरण बसवलं की हवेचा तोटा कमी होतो असं दिसलं.

जालन्यात हवेचा हिशोब करायचाच असेल, तर मिलच्या फ्लायव्हीलकडे बघायला हवं. तीन मीटरचं चाक मिनिटाला ३०० फेरे मारत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी १७० किलोमीटर होतो. त्याला उघडे आरे असले तर ते चक्क पंख्यासारखं वारा ढकलतं. बाजूनं पत्रा लावून ते सपाट केलं, की तो वारा बराच कमी होतो.