आखाती नोकरीतले चार अरबी शब्द

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या घरांना आखात नवं नाही. चिपळूण, खेड, म्हसळा, श्रीवर्धन, कुठेही जा, सौदी किंवा दुबई करून आलेला कोणीतरी भेटतोच. तरी निघताना माणूस तीनच प्रश्न विचारतो: पगार किती, राहायची सोय आहे का आणि तिकीट कोणाचं? प्रश्न चुकीचे नाहीत, पण तेवढ्याने भागत नाही. तिथल्या नोकरीचा सांगाडा चार अरबी शब्दांवर उभा आहे. ते चार शब्द आज समजून घेऊ. आमची वर्षं सौदी अरेबियात गेली, म्हणून मुख्यतः तिथलंच सांगतो. शेजारच्या देशांचे नियम थोडेफार वेगळे आहेत, त्यांचा उल्लेख लागेल तिथे येईल.

पहिला शब्द कफील. कफील म्हणजे जामीन राहणारा. गंमत म्हणजे आपला 'जामीन' हा शब्दही मुळात अरबीच. आपल्याकडे जामीन कर्जाची हमी घेतो, तिथे कफील परदेशी माणसाच्या वास्तव्याची हमी घेतो. तुम्ही त्याच्याकडे काम करता, म्हणून त्या देशात आहात. म्हणजे नोकरी आणि देशात राहण्याचा हक्क या दोन गोष्टी एकाच दाव्याला बांधलेल्या आहेत. एक सुटली की दुसरी धोक्यात येते. दोन महिने पगार थकला तरी माणूस गप्प का बसतो, याचं उत्तर इथे आहे. तो भित्रा असतो म्हणून नाही. भांडण पगाराचं असलं तरी पणाला मुक्काम लागलेला असतो.

ही व्यवस्था आता थोडी सैल झाली आहे. सौदीत १४ मार्च २०२१ पासून खासगी आस्थापनातल्या कामगाराला एक वर्ष झाल्यावर कफीलच्या संमतीशिवाय दुसरी नोकरी घेता येते, सुट्टीवर जाऊन परत येण्याचा परवानाही स्वतःच काढता येतो. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी लागणारं मालकाचं ना-हरकत पत्र रद्द केलं. पण नीट ऐका. सौदीतल्या या सुधारणेत घरकाम करणारे, खासगी ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ आणि शेतावर राबणारे आले नाहीत. तेव्हा 'आता कफाला संपला' असं एजंट म्हणाला, तर तुमचा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे ते आधी विचारा. आणि पासपोर्ट तुमच्याजवळच राहिला पाहिजे. तो मालकाने अडकवून ठेवणं तिथल्या नियमांतही बसत नाही.

दुसरा शब्द इकामा. हे राहण्याच्या परवान्याचं कार्ड. आपला 'मुक्काम' आणि हा 'इकामा' एकाच अरबी धातूपासून आलेले. इकाम्याशिवाय बँकेत खातं नाही, मोबाईलचं सिम नाही, खोलीचा भाडेकरार नाही. इकामा, कामाचा परवाना, त्यांचं नूतनीकरण आणि उशीर झाला तर त्याचा दंड, हा सगळा खर्च सौदी कामगार कायद्याच्या ४०व्या कलमाप्रमाणे मालकाचा आहे. पगारातून 'इकाम्याचे पैसे' कापले, तर ते कायद्याला धरून नाही. आपला इकामा कधी संपतो हे 'अबशिर' या सरकारी ॲपवर स्वतः बघत जा. तारीख हिजरी आहे की इंग्रजी, तेही बघा. हिजरी वर्ष साधारण ११ दिवसांनी लहान असतं, त्यामुळे हिशोब चुकतो.

तिसरा शब्द हुरूब, म्हणजे पळून जाणं. माणूस कामावर येत नाही, अशी नोंद मालक सरकारदरबारी करू शकतो. पूर्वी ही नोंद झाली की माणूस बेकायदा ठरायचा. कुठे दुसरीकडे काम नाही, धड घरी परतता येत नाही, पोलिसांनी अडवलं की अटक. २०२२ मध्ये यात बदल झाला. आता आस्थापनातल्या कामगाराला दुसरीकडे बदली घ्यायला किंवा कायमचं परत जायला ६० दिवस मिळतात. पण ६० दिवस म्हणजे फार नव्हेत. म्हणून आम्ही नव्या माणसाला एकच सांगायचो: भांडण झालं तरी खोलीत झोपून राहू नकोस. रोज कामावर हजर हो, हजेरीचा पुरावा ठेव आणि तक्रार लेखी कर. तक्रार आधी कामगार मंत्रालयाच्या तडजोड विभागाकडे जाते. तिथे २१ दिवसांत मिटली नाही, तर कामगार न्यायालयात. नोकरी संपल्यावर १२ महिन्यांच्या आत दावा केला पाहिजे. घरी येऊन दोन वर्षांनी आठवण झाली, तर उपयोग नाही.

चौथा शब्द निहायत अल-खिदमा, म्हणजे सेवेचा शेवट. नोकरी संपताना मिळणारी रक्कम, आपल्याकडची ग्रॅच्युइटी म्हणा. तिथे पेन्शन नाही, बहुतेकांना नागरिकत्वही नाही. म्हणजे एवढ्या वर्षांचं तिथे साठलेलं असं हेच. सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी पूर्ण महिन्याचा. शेवटचा पगार ३,००० रियाल असेल, तर १० वर्षांचे ७,५०० अधिक १५,००० असे २२,५०० रियाल होतात.

पण राजीनामा दिलात तर गणित बदलतं. दोन वर्षांच्या आत काहीच नाही. दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश. पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश. दहा वर्षं भरली की पूर्ण. आमच्या खोलीतला एक जण बहिणीच्या लग्नासाठी ९ वर्षं ११ महिने झाल्यावर राजीनामा देऊन आला. पगार तीन हजारच होता. हातात आले १४,८०० रियालांच्या आसपास. रजा घेऊन लग्न केलं असतं आणि परत जाऊन महिना भरला असता, तर साडेसात हजारांहून जास्त रियाल वाढले असते. कंपनीने त्याला फसवलं नव्हतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि आम्हीही तेव्हा सांगू शकलो नाही, कारण आम्हालाही ठाऊक नव्हतं. आज इथे उभं राहण्याचं खरं कारण तेच आहे.

अमिरातीत जाणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. तिथे ही रक्कम फक्त मूळ पगारावर निघते, भत्ते धरत नाहीत. पहिल्या पाच वर्षांना वर्षाचे २१ दिवस, पुढे ३० दिवस. एकूण पगार ३,००० दिरहम, पण मूळ पगार १,२०० लिहिला असेल, तर पाच वर्षांचे ४,२०० दिरहम होतात. तोच मूळ पगार २,४०० असता, तर ८,४००. महिन्याला हातात येणारा पैसा तेवढाच, शेवटी मिळणारा दुप्पट. म्हणून करारात एकूण आकड्याआधी मूळ पगाराचा आकडा वाचा.

आता निघण्याआधीचं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला 'ईसीआर' लागतं, म्हणजे आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते. ती 'ई-मायग्रेट'मार्फत मिळते आणि त्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमाही घ्यावा लागतो. एजंट नोंदणीकृत आहे का, हेही तिथेच कळतं. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. 'आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बदलून देऊ' असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. त्या वाटेने गेलात तर मंजुरी नाही, विमा नाही आणि तुम्ही कामगार म्हणून गेलात याचा कागदही नाही.

शेवटी एवढंच. जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. आमची घरं त्या पैशावर उभी राहिली, मुलं शिकली. पण कराराची एक प्रत घरी ठेवा, इकाम्याचा फोटो घरी पाठवा, आणि नोकरी कोणत्या तारखेला सुरू झाली ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या तारखेपासूनच तुमचा हिशोब सुरू होतो. आता प्रश्न असतील तर विचारा.