छायाचित्रांतील छाया

घरांतील वडील मनुष्य गेलें म्हणजे चार-दोन दिवसांतच त्यांच्या एका चांगल्या छायाचित्राची शोधाशोध सुरू होते. चित्रें शेंकड्यांनीं निघतात: मुंजीचीं, डोहाळजेवणाचीं, दिवाळीचीं. परंतु त्यांतील बहुतेक रात्रीं किंवा अंधाऱ्या माजघरांत फ्लॅश लावून घेतलेलीं असतात. आजीचा चेहरा पीठ फांसल्यासारखा पांढरा, चष्म्याच्या जागीं दोन लखलखीत ठिपके, आणि मागें भिंतीवर काळीकुट्ट सावली! जन्मभर ओळखीचा असलेला चेहरा त्या चित्रांत सांपडतच नाहीं. हा दोष पुष्कळ अंशीं टाळण्यास दोन-चार रुपयांचा कागद पुरतो. मात्र तो कोठें व कसा धरावयाचा हें कळलें पाहिजे.

अमरकोशांत ‘छाया’ या शब्दाचे सूर्याची पत्नी, कांति, प्रतिबिंब आणि उन्हाचा अभाव असे चार अर्थ दिले आहेत. सावली आणि कांति यांना एकच शब्द असावा, हें मोठें मार्मिक आहे. गालाचा उंचवटा, कपाळाच्या आठ्या, डोळ्यांची खोली हीं सर्व आपणांस सावलीच्या चढउतारामुळेंच दिसतात. कॅमेऱ्यांत बसविलेला फ्लॅश भिंगाला अगदीं लागून असतो. त्याचा प्रकाश समोरून आदळतो, चेहऱ्यावरील कोंवळी छाया पुसून टाकतो, आणि तिच्याबरोबर कांतिही जाते.

सावली कठोर कां व कोमल कां, याचें उत्तर आकाशांत आहे. वडूजच्या उघड्या माळावर वैशाखाच्या उन्हांत उभे राहा. सावलीची कड सुरीनें कापल्यासारखी दिसेल. सूर्य प्रचंड खरा, पण इतका दूर कीं आपल्या दृष्टीला तो लहानशा टिकलीएवढा. श्रावणांत ढग आले म्हणजे तोच प्रकाश सबंध आकाशभर पसरतो आणि सावली विरघळते. म्हणजे, ज्याच्यावर प्रकाश पडतो त्याला तो दिवा जितका मोठा दिसेल, तितकी सावली कोमल. जुने छायाचित्रकार कांचेच्या छपराखालीं पांढरे पडदे सरकवून हेंच साधीत. पुढें १८८७ सालीं जर्मनींत मॅग्नेशियमची चमकदारू निघाली, आणि कालांतरानें दिवा कॅमेऱ्याच्या पोटांतच येऊन बसला. सोय झाली, पण दिवा नखाएवढा झाला.

यावरून एक गैरसमज दूर व्हावा. फ्लॅशवर रुमाल किंवा कागद घट्ट गुंडाळला म्हणजे प्रकाश कोमल होतो असें पुष्कळांस वाटतें. तसें करण्यानें प्रकाश केवळ मंद होतो. दिवा होता तेवढाच राहतो. म्हणून बटरपेपर किंवा ट्रेसिंगचा कागद पोस्टकार्डाएवढा कापून, कमान करून, फ्लॅशच्या पुढें दोन-तीन इंच अंतरावर बसवावा. त्यानें दिवा नखाएवढा होता तो तळहाताएवढा होतो. तरीही तीन फुटांवरून जो गुण येतो तो दहा फुटांवरून येत नाहीं, कारण दूरच्या माणसास तो कागदही लहानच दिसतो.

दुसरा उपाय याहून सरस आहे. पांढरें जाड कार्ड फ्लॅशपुढें तिरपें धरून प्रकाश छताकडे फेंकावा. मग सबंध छतच दिवा होतें, आणि प्रकाश भिंगाजवळून न येतां वरून येत असल्यामुळें डोळ्यांतील लाल ठिपकाही बहुधा टळतो. परंतु छत पांढरें व फार उंच नसलेलें हवें. आमच्याकडील जुन्या धाब्याच्या घरांत धुरानें काळवंडलेल्या तुळया हा प्रकाश गिळून टाकतात. हिरव्या तैलरंगाच्या भिंतीवरून तो परतला तर चेहराही हिरवट दिसतो. अशा ठिकाणीं घरांतील दोघांनीं पांढरें धोतर किंवा चादर बाजूला ताणून धरावी, आणि कार्ड त्या बाजूस वळवावें.

गोळ्यांची दुधी रंगाची रिकामी डबी कापून फ्लॅशवर बसविण्याचीही रीत आहे. ती प्रकाश चोहोंकडे उधळते, म्हणून पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलींत उपयोगी पडते. उघड्या अंगणांत मात्र तो प्रकाश परत आणणारी भिंत नसल्यानें सर्व वायां जातो.

कोमलतेची किंमत प्रकाशाच्या रूपानें द्यावी लागते. समजा, फ्लॅशचा गाइड नंबर मीटरच्या हिशेबानें आयएसओ १०० ला १२ आहे. भिंगाचें छिद्र ४ या आंकड्यावर ठेवल्यास १२ भागिले ४, म्हणजे ३ मीटरपर्यंत प्रकाश पोंचतो. पडद्यानें चौथा हिस्साच प्रकाश उरला, तर ही पोंच दीड मीटरवर येते. कारण अंतर दुप्पट झालें कीं प्रकाश चौपट घटतो. आयएसओ ४०० केल्यास ती पुन्हा ३ मीटर होते.

कागद किंवा कापड फ्लॅशच्या कांचेला चिकटवूं नये; ती तापते. पडद्याची कड भिंगाच्या आड येऊं देऊं नये. मोबाइलचा दिवा तर त्याहूनही लहान असतो. तो बंद ठेवावा, आणि दुसऱ्या मोबाइलची बॅटरी पांढऱ्या भिंतीवर पाडून त्या परतलेल्या उजेडांत चित्र घ्यावें.

दिवसाची वेळ असेल तर या साऱ्याची गरजच नाहीं. पडवीच्या सावलींत माणसाला बसवावें कीं झालें. पण घरांतील मंगलकार्यें आणि आरत्या बहुधा दिवे लागल्यावरच होतात. तेव्हां आज संध्याकाळींच घरांतील सर्वांत वडील माणसाला पांढऱ्या भिंतीजवळ बसवून दोन चित्रें घ्या: एक उघड्या फ्लॅशचें, एक कार्ड धरून. दोन्हींतील नाकाची सावली ताडून पाहा. त्यांतलें जें चित्र पाहून नातवंडें ‘ही आमची आजी’ म्हणतील, तें छापून घ्या, आणि आजीला स्वतःलाच तें पाहूं द्या.